नऊपैकी सहा जनावरं

आमच्या हसीनाचा निकाह झाला ते १९४५ साल. मे महिना होता आणि साखर रेशनवर होती. नगरला लागून असलेल्या केडगावच्या पाहुण्यांना शरबत पुरलं नाही. त्यावरून व्याह्यांच्या चुलत्यानं मांडवात जो आवाज चढवला, तो माझी बायको मलिका पुढं वर्षभर विसरली नाही. त्याच आठवड्यात कडूबाई लंगडी शेळी घेऊन दवाखान्यात आली. मला सांगायचं आहे ते तिथून सुरू होतं.

मी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टरसाहेब सांगतील ते औषध बांबूच्या नळीनं पाजायचं, एवढं काम. गाव पारनेरपासून चार कोसांवर. दवाखान्याच्या दोन खोल्या चावडीच्या मागच्या अंगाला होत्या. लिहायला-वाचायला मी चाळिशी गाठल्यावर शिकलो. लढाईच्या आधी साक्षरतेचे वर्ग निघाले होते, दिवेलागणीला शाळेत सतरंजीवर बसवत. आम्ही अकरा जण बसलो, त्यातले दोघे टिकलो. माझा शेजारी सहादेव तिसऱ्या दिवशी उठून गेला. "पाटीवर वळवायला माजी बोटं लई ताठ हायती," म्हणाला. लहानपणापासून आम्ही एकत्र गुरं राखलेली. तो मला पीरू म्हणायचा, मी त्याला सहादू.

कडूबाईचा नवरा गोरक्षनाथ दोन महिन्यांपूर्वी गेला होता. हरभऱ्याच्या राखणीला असताना त्याच्या पोटरीला कोल्हा चावला. कोल्हाच तर आहे, कुत्रं थोडंच आहे, असं घरच्यांनी धरलं आणि जखमेवर हळद-चुना लावला. महिन्याभरानं त्याला पाणी जाईना. पुढचं लिहीत नाही.

मी शेळीच्या पायाला पट्टी बांधत होतो आणि ती शिंगं धरून उभी होती.

"पीरभाऊ, एक इचारू का?"

"इचार की."

"कोल्ह्यानं बी माणूस पिसाळतं, हे तुमच्या सायबाच्या वहीत लिवल्यालं हुतं का?"

मी आत जाऊन साहेबांना विचारलं. त्यांनी कपाटातली लांबडी वही काढली आणि पानं चाळली. "आहे ना. अकरा वर्षांत पुष्कळ वेळा आहे," म्हणाले. मी बाहेर आलो.

"हाय," मी सांगितलं.

"कवापासनं?"

"अकरा वर्सांपासनं."

"मंग आमाला कुनी सांगितलं न्हाई ते?"

"वही इंग्रजीत हाय, बाई."

"इंग्रजीत?" तिनं शेळीची शिंगं सोडली. "मंग कोल्ह्याला वाचायला ठिवलीया व्हय?"

ती शेळी ओढत घेऊन गेली.

हसीनाची पाठवणी झाली, घर रिकामं झालं, आणि मी साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो. साहेब भला माणूस, पण दमलेला. चाळीस गावांना एक डॉक्टर. पावसाळ्यात घटसर्प आणि फऱ्या, मधूनच बुळकांडी, अशा गुरांच्या साथी, आणि वर्षाचे बारा महिने वरून येणारे कागद. पिसाळलेल्या जनावराची खबर आली की ते त्या वहीत लिहीत. तारीख, गाव, जनावर कुठलं, लक्षणं काय, कुणाला चावलं, त्या माणसाचं पुढं काय झालं. मेलेल्या जनावराचा मेंदू बाटलीत घालून तपासायला पाठवला असेल तर तेही. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनीही तसंच लिहिलं होतं. वर्षाअखेर त्याची बेरीज वर जायची. पुढं ती कुठं जायची ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

"साहेब, ही वही मला वाचून दाखवा. मी मराठीत उतरून घेतो."

"कशाला?"

"गावात लावतो."

त्यांनी टाक खाली ठेवला. "पीरमहंमद, अकरा वर्षांत ही वही कुणी मागितली नाही. वरच्यांनीसुद्धा नाही." मग म्हणाले, "दुपारी दोननंतर ये. तेव्हा जनावरं येत नाहीत."

जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट आम्ही ते केलं. साहेब एक ओळ वाचायचे, मराठीत सांगायचे आणि पान लावायला घ्यायचे. त्यांचं पान चघळून व्हायचं तरी माझी ओळ झालेली नसायची. एकूण दोनशे चौदा नोंदी निघाल्या. कुत्री एकशे अठ्ठावन्न, कोल्हे एकतीस. लांडगे सहा, मांजरं पाच, मुंगूस तीन, घोडा एक. आणि बैल सहा, म्हशी तीन, शेळी एक. नऊ जातींची जनावरं.

बैलाची पहिली नोंद आली तेव्हा माझा हात थांबला.

"बैल चावतो कुठं, साहेब?"

"चावत नाही. कुत्रं बैलाला चावतं, मग बैलाच्या लाळेत तोच जंतू उतरतो. इतका बारीक की भिंगातूनही दिसत नाही. बैलाला गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटतं घशात काही अडकलं. हात घालतात. हाताला चीर असली की संपलं."

हे सगळं मी माझ्या वहीत लिहिलं. ती वही अजून आहे, म्हणून हे शब्द तसेच देता येतात.

गावचे पाटील आबासाहेब यांनी चावडीची बाहेरची भिंत दिली. आधी त्यांना पटत नव्हतं. "लोकं चावडीवर सारा भरायला येत्यात का शाळा शिकायला?" म्हणाले, पण गोरक्षनाथ त्यांच्या भावकीतला होता. चुना मारून घेतला, मी गेरू कालवला. रोजे चालू होते. दुपारी ऊन भिंतीवरून डोळ्यात यायचं आणि गेरूचा डबा धरून उभं राहायला अंगात त्राण नसायचं. म्हणून सकाळी दोन तास लिहायचो. अक्षरं वीतभर उंच काढली, आमच्यासारख्या उशिरा शिकलेल्यांना लांबून लागावीत म्हणून. वर लिहिलं: "खालीलपैकी जनावर चावल्यास त्याच दिवशी नगरला जाऊन पोटात सुया घ्याव्यात." खाली जनावर, आणि त्यापुढं अकरा वर्षांत किती वेळा झालं तो आकडा.

कुत्रा, कोल्हा, लांडगा, मांजर, मुंगूस, घोडा लिहून झाले. खाली तीन ओळींची जागा उरली होती. आबासाहेब मागं येऊन उभे राहिले. माझ्या हातातला कागद त्यांनी बघितला. त्यांना वाचता येत होतं.

"बैल?"

"व्हय, पाटील. सहा येळा झालंय."

"आरं, पोळा आठ दिसांवर आला. ज्याला माळा घालायच्या, पुरणपोळी चारायची, त्याचं नाव पिसाळलेल्यांत लिवतो व्हय? त्यो बी लांडग्याच्या खाली?"

"सायबांच्या वहीत हाय."

"आसंल. मी न्हाई म्हनत न्हाई. तुजं तू बग."

एवढं बोलून ते आत गेले. त्यांनी मला अडवलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं काही लोकांनी त्यांचं नाव घेतलं. मीच कुंचला धरून उभा राहिलो आणि माझ्याच मनाशी बोललो. वर मी लिहिलंय "चावल्यास". बैल चावत नाही, म्हैस चावत नाही. मग त्यांची नावं त्या ओळीखाली कशी बसणार? वाचणारा हसेल. एकदा हसला की कोल्ह्यालाही हसेल. घोडा अकरा वर्षांत एकदाच झाला होता, तरी लिहिला, कारण घोडा चावतो. बैल सहा वेळा झाला होता, तो सोडला. म्हैस आणि शेळी त्याच्याबरोबर गेली. उरलेल्या जागेत मी फुलांची वेल काढली. ती बरी आली होती.

भिंतीचा उपयोग झाला. ते खोटं सांगत नाही. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांची माणसं चावडीपुढं थांबायची. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला विचारायचे. वर्षाच्या आत पाच जण नगरला जाऊन सुया घेऊन आले. त्यात एकाला मुंगूस चावलं होतं, आधी असतं तर तो घरीच बसला असता. पाचही जगले.

सर्वांत जास्त भिंत चालवली ती सहादेवनं. त्यानं मला ती तीनदा वाचायला लावली आणि पाठ केली. मग स्वतःच तिथं उभा राहून, वाचता येत असल्यासारखा, एकेका ओळीवर काठी ठेवून लोकांना सांगायचा.

"हे बगा, कुत्रा, एकशेआट्टावन. ह्यो कोल्हा. ह्ये मांजार, मावशे, घरातल्या मांजरावर लक्ष ठिव."

"आन् ह्ये सहादेवभाऊ, खाली काय?"

"त्यो येल हाय. येल चावत न्हाई."

मी तिथून जात असलो की म्हणायचा, "पीरू, तू नुसता लिवून गेला. वाचतोय मी."

१९४६ च्या एप्रिलमध्ये साहेबांची बदली अकोले तालुक्यात राजूरला झाली. नवे डॉक्टर यायचे होते, ते चार महिने आले नाहीत. दवाखाना मी उघडायचो आणि मी बंद करायचो. हसीना बाळंतपणाला आमच्याकडं आली होती, मुलगी झाली, शरिफा नाव ठेवलं. मेच्या शेवटी मी आणि मलिका मायलेकींना केडगावला पोचवायला गेलो. तिथं मलिकाला ताप आला आणि आम्ही आठ दिवस अडकलो.

पाच जूनला परत आलो. पिशवी टेकवतो तर सहादेव कुंपणापलीकडून म्हणाला, "रंगूबाईचा तांबडा ग्येला, पीरू."

रंगूबाई आमच्या आळीतली विधवा. एकच जोडी होती तिची, त्यातला हा तांबडा.

"कशानं?"

"कायतरी आडाकलं हुतं. दोन दिस वैरनीला त्वांड लावलं न्हाई. लाळ ही आशी. म्हनलं कडब्याचं चिपाड गेलं आसंल. त्वांडात खुट्टी घातली, कोपरापत्तूर हात घातला, समदा घसा चाचपला. काय न्हाई गावलं. तिसऱ्या दिशी आडवा झाला."

गावात कुणाच्याही जनावराच्या घशात काही अडकलं की सहादेवला बोलवत. लांब, बारीक हात होता त्याचा. त्याबद्दल कुणाकडून कधी काही घेतलं नाही त्यानं.

मी कुंपणाशी गेलो. "हात दाखीव."

उजव्या अंगठ्याच्या मागं दोन बोटं लांब खरचटलेलं होतं. खपली धरली होती. "दात लागला. खुट्टी सरकली जरा."

"आवाज कसा काढीत हुता?"

"कुनी?"

"तांबडा."

त्यानं आठवलं. "घोगरा. भोंगा फाटल्यावानी. का रं?"

मी रंगूबाईच्या घरी गेलो. तिनं सांगितलं, शिमग्याच्या सुमाराला एक परकं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, तांबड्याच्या नाकाला लागलं होतं, तिनं फुंकणीनं हाणून घालवलं. त्यानंतर ते कुत्रं कुणी बघितलं नाही. मी तसाच परत आलो. सहादेव खळ्यात दावं वळत बसला होता.

"सहादू, नगरला जायचं. उद्या. चौदा सुया घ्यायच्या."

"कुनाला?"

"तुला."

तो हसला. खरंच हसला, दावं बाजूला ठेवून. "मला काय चावलंय?"

"चावलं न्हाई. लाळ लागलीय. बैल पिसाळला हुता त्यो."

"भितीवर बैल कुठं हाय?"

त्यानं बोटं मोजायला घेतली.

"भित मला पाठ हाय, पीरू. कुत्रा, कोल्हा, लांडगा, मांजार, मुंगूस, घोडा. मंग येल. बैल न्हाई."

"बैल हुता. सायबांच्या वहीत सहा येळा हाय. मी लिवला न्हाई."

"का?"

"चावत न्हाई म्हनून."

"मंग बरूबर केलं की."

मी घरातून माझी वही आणली आणि त्याला वाचून दाखवलं. बैल, गिळता न येणं, लाळ, घोगरा आवाज, हात घालतात, सगळं. त्यानं वहीवर बोट ठेवलं.

"ही वही कुनाची?"

"माजी."

"आन् भित?"

"माजीच."

"मंग दोन्हीत येगळं कसं? यातलं खरं कंचं धरू मी?" त्याचा आवाज चढला नव्हता. "आरं, मी गावाला सांगत आलो, ह्येच्या भायेर काय न्हाई म्हनून. आन् आता तू म्हनतो आजून तीन जनावरं हायती घरात ठिवल्याली. मिरगाचं पानी पडायच्या बेतात, बाजरी पेरायची, आन् मी नगरला चौदा दिस पोट भोसकून घ्यू? बैलानं?"

त्याची बायको बनुबाई चुलीपुढून म्हणाली, "आवो, भाऊजी कशाला खोटं सांगत्याल?"

"खोटं न्हाई म्हनत मी. घाबारलाय त्यो. डाक्टर गेल्यापून यकटा बसून बसून घाबारलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेरू कालवला आणि वेलीवर चुना मारून तिथं बैल, म्हैस, शेळी लिहिलं. वरच्या ओळीत "चावल्यास" याच्या पुढं "किंवा लाळ लागल्यास" असं दाटीनं बसवलं. सहादेव शेताकडं जाताना थांबला. त्याला अक्षरं कळत नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या.

"आज बैल आला व्हय? उद्या कोंबडी येऊ दे," म्हणाला आणि गेला. दोन-चार जण होते ते हसले.

मग मला एकच वाट दिसली. साहेब बोलले तर तो ऐकेल. साहेबांवर त्याचा भरवसा होता. मी राजूरला कार्ड लिहिलं. सगळं लिहिलं आणि खाली, "आपण स्वतः सहादेवच्या नावानं दोन ओळी लिहाव्यात," असंही. शाळेला सुट्टी होती, मास्तर गावाला गेलेले. ते असते तर इंग्रजी वहीतलं एवढं एक नाव तरी वाचून दाखवते. पारनेरला माणसांचा डॉक्टर होता. त्याच्याकडं चल, असं मी दोनदा म्हणालो. "डाक्टर माजा हात बगंल का तुजी भित बगंल?" असं त्यानं विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

टपाल आठवड्यातून दोनदा यायचं. मी चावडीच्या पायरीवर बसून वाट बघायचो. दहा जूनला काही आलं नाही. तेराला नाही. पाऊस पडला, वाफसा झाला, सहादेवनं बाजरी पेरली. मी रोज संध्याकाळी कुंपणाशी जाऊन विचारायचो, "हाताला मुंग्या येत्यात का?" तो म्हणायचा, "तू इचारतो तवाच येत्यात." एकदा चिडला आणि म्हणाला, माझ्या दारात येत जाऊ नको. दुसऱ्या दिवशी त्यानंच हाक मारून तंबाखू दिली. सतराला काही आलं नाही. विसाला नाही. त्या दिवसांत मी जेवायचो ते मलिका वाढते म्हणून. रात्री उठून बसलो की ती कंदील लावायची. तिला माहीत होतं.

बावीस जूनला, टपालाचा वार नसताना, पारनेरहून येणाऱ्या एकाच्या हाती साहेबांचं पाकीट आलं. ते डोंगरातल्या वाड्यांवर बुळकांडीच्या टोचणीला गेले होते. कार्ड राजूरच्या टेबलावर बारा दिवस पडून होतं. माझ्यासाठी एक ओळही नव्हती. सगळं सहादेवच्या नावानं होतं, मोठ्या मराठी अक्षरांत: "सहादेव, बैल पिसाळतो. मी स्वतः सहापैकी तीन बघितले. पीरमहंमद सांगतो ते खरं आहे. हे वाचशील त्याच क्षणी नगरला नीघ."

मी ते वाचून दाखवलं. त्यानं कागद हातात घेतला, उलटा, मी सुलटा करून दिला. मग ओळींवरून बोट फिरवलं.

"सायबाचं अक्षर हाय?"

"व्हय."

"मंग जाऊ," तो म्हणाला. आणि कागदाची घडी घालताना, "आदी का न्हाई लिवला रं बैल?"

मी त्याला सांगितलं. पोळा, पाटील, लांडग्याच्या खाली, लोक हसतील ते, सगळं. त्यानं मान हलवली. "हासली आसती," म्हणाला. "मीच आदी हासलो आसतो."

तेवीसला आम्ही दोघं कोळशावरच्या मोटारीनं नगरला गेलो आणि केडगावला हसीनाकडं उतरलो. चोवीस जूनला सकाळी इस्पितळात त्याला पहिली सुई दिली. तिथल्या माणसानं वहीत लिहिताना विचारलं, चावणारं जनावर कोणतं? मी बैल म्हणालो. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं. किती दिवस झाले विचारलं, सव्वीस म्हणालो. त्यानं तो आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली.

रोज सकाळी केडगावहून चालत जायचं, पोटात सुई घ्यायची आणि चालत यायचं. हसीनाच्या सासूनं सहादेवसाठी वेगळा तांब्या आणि वेगळी चूल मांडून दिली होती, त्याला संकोच नको म्हणून. तो पहिल्या दिवशी चुलीपुढं बसला, भाकरी करपवली आणि म्हणाला, "म्हातारे, तुजी भाकर दे. माजा धरम सुईनं पार भोसाकलाय." तिला हसू आवरेना. शरिफाला मांडीवर घेऊन तो नातीशी बोलावं तसा बोलायचा. त्या नऊ दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं गुरं राखायच्या दिवसांनंतर बोललो नव्हतो. बैलाचं मात्र पुन्हा त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

दहाव्या सुईच्या दिवशी, बुधवारी, चालत येताना त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. घरी आल्यावर हसीनानं पाणी दिलं. त्यानं तांब्या उचलला, ओठांशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणाला, "पोरीला आत न्ये." मी शरिफाला उचलून आत नेलं.

मी गावाकडं निरोप धाडला. बनुबाई दुसऱ्या दिवशी पोचली. इस्पितळात एका बाजूच्या खोलीत त्याला ठेवलं होतं, खिडकीला पडदा लावून. वारा लागला तरी त्याचा गळा आवळायचा. मधेमधे शुद्धीवर असायचा तेव्हा पेरणीचं विचारायचा, बाजरी उगवली का, रंगूबाईला दुसऱ्या बैलासाठी कुणी सावड दिली का. बनुबाईचा हात त्यानं जवळ येऊ दिला नाही. "लाळ लागंल," म्हणाला. ती भिंतीशी बसून राहिली.

गावात पुढं बनुबाई सगळ्यांना सांगायची, पीरभाऊजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ह्यांनीच ऐकलं नाही. बाजारात, विहिरीवर, माझ्या तोंडावर सांगायची, माझी बाजू घेऊन. बैल भिंतीवर का नव्हता त्याचं खरं कारण सहादेवनं तिला सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. एकदोनदा तिच्या दारापर्यंत गेलो. तिनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, बाजरीच्या कणसांचं बोलली, आणि मी उठून आलो. आज ती नाही, म्हणून लिहायला धीर होतो. याला धीर म्हणत असतील तर.

तो त्या खोलीत दोन दिवस राहिला. पाच जुलै १९४६, शुक्रवार, दुपारी तीनच्या सुमाराला सहादेव वारला. त्याचं वय सत्तेचाळीस होतं.